ड्रॅगनच्या नख्या कोण मोजतं?

मंडळी, ड्रॅगन म्हटलं की आग ओकणारा प्राणी आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो युरोपातला. चिनी 'लुंग' पाण्यातला. पाऊस, नद्या, समुद्र यांवर त्याची सत्ता. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा अनुवादकांनी 'नाग' या शब्दासाठी 'लुंग'च वापरला. आपल्या नागार्जुनाचं चिनी नाव 'लुंगशू', शब्दशः ड्रॅगन-वृक्ष. तेव्हा हा प्राणी आपल्याला अगदीच परका नाही.

आता तो छपरावर कशासाठी चढला ते पाहू. जुन्या चिनी इमारतींचा सांगाडा लाकडाचा, त्यामुळे मोठं भय आगीचं. राजवाड्यांच्या आणि देवळांच्या आढ्याच्या दोन्ही टोकांना ड्रॅगनच्या कुळातला एक प्राणी आढं तोंडात धरून बसवलेला असतो. तो पाणी आणतो, आग दूर ठेवतो, ही श्रद्धा. छपराचे उतार मिळतात तिथला सांधा त्याच्यामुळे झाकला जातो, गळत नाही, हे बांधकाम. दोन्ही कामं एकाच जागी होतात.

पण राखणदारालाही राजसत्तेने दर्जा लावून दिला. मिंग आणि छिंग काळात पाच नख्यांचा ड्रॅगन ही सम्राटाची खूण होती. खालच्यांना नख्या कमी. दातोंग शहरात १३९२ सालची नऊ ड्रॅगनांची भिंत आहे, सुमारे ४५ मीटर लांब. ती पहिल्या मिंग सम्राटाच्या तेराव्या मुलाच्या वाड्यापुढची. तिथे नख्या चार. बीजिंगच्या राजवाड्यात अठराव्या शतकातली अशीच भिंत आहे, तिथे पाच. मुलगा सम्राटाचा असला तरी सम्राट नव्हे, हे एका नखीत सांगून टाकलं.

मग माणसं समुद्रापार गेली तेव्हा काय झालं? मलेशियातल्या पेनांगला खू भावकीने आपल्या कुळाची भव्य वास्तू उभारली. १९०१ मध्ये पूर्ण होते न होते तोच ती जळाली. लोक म्हणाले, राजवाड्याशी बरोबरी केली म्हणून देव कोपले. भावकीने ती पुन्हा बांधली, पण आटोपशीर. १९०६ मध्ये ती पुरी झाली. आपण लक्षात घेऊ, तेव्हा पेनांगवर राज्य ब्रिटिशांचं होतं. नख्या मोजायला बीजिंगचा अधिकारी येणार नव्हता. मोजणी लोकांच्या मनातच चालू होती.

त्याच १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आगी लागल्या, चिनी वस्ती भस्मसात झाली. अमेरिकेत १८८२ पासून चिनी मजुरांना प्रवेशबंदी होतीच. आता वस्तीच शहराच्या कडेला हलवायचा बेत निघाला. चिनी व्यापाऱ्यांनी अमेरिकन वास्तुविशारद नेमले आणि पॅगोडासारखी छपरं असलेल्या इमारती उभ्या केल्या. पुढे रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांनाही ड्रॅगन वेटोळे घालून बसले. पर्यटक येऊ लागले, शहराला उत्पन्न दिसलं, वस्ती जागची हलली नाही. चीनमध्ये अशी घरं कुठे असतात, असं कुणी म्हणेल. पण 'अस्सल' कोणतं हा प्रश्न ज्याचं घर जाणार नाही तो निवांत विचारू शकतो.

१९१२ मध्ये चीनचा सम्राट गेला, ड्रॅगन राहिला. आगीपासून छप्पर राखणारा तो, परमुलखात माणसांची जागा राखायच्या कामी आला. चिन्ह कुणाचं, हे ठरवताना आपण त्याचा उगम शोधतो. त्याची गरज कुणाला पडली, हेही विचारायला हवं. आज इथेच थांबू.