पोळ्याच्या पत्त्यांचं विलायती कूळ

पोळा आला की वऱ्हाडात पत्ते निघतात. बडनेरा असो की अकोला, बैलांची पूजा आटोपली की कुठंतरी सतरंजी पडते आणि तीन पत्तीचा डाव बसतो. या खेळाचा जीव पत्त्यांपेक्षा हूल देण्यात आहे. हातात दमडीची पानं नसताना ट्रेल लागल्यासारखी चाल द्यायची आणि समोरच्याला पॅक व्हायला, म्हणजे डाव सोडायला, लावायचं. ही विद्या आपल्याकडे अमेरिकेच्या पोकरमधून आली, असं सर्रास सांगतात. मला ते साफ अमान्य आहे, आणि माझा पुरावा म्हणजे या खेळातली एक चूक.

52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 तऱ्हांनी हातात येऊ शकतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन राजे अशी तीन सारखी पानं, 52 तऱ्हांनी लागते. पक्की रन, म्हणजे एकाच जातीची ओळीतली तीन पानं, लागते 48 तऱ्हांनी. दुर्मीळ ठरली पक्की रन, तरी वरचा मान ट्रेलला! पोकरमध्ये हा घोळ नाही. तिथं एका जातीची सलग पाच पानं 40 तऱ्हांनी येतात, चार सारखी 624 तऱ्हांनी, आणि मोठी धरतात ती सलगच. आता इंग्लंडचा ‘ब्रॅग’ बघा. पत्ते तीनच, हातांची उतरंड तीच आणि चूकही तीच. जुन्या पोथ्या तपासणारे पंडित दोन नकलांत एकच चूक दिसली की त्यांचं मूळ एक मानतात. बरोबर गोष्ट दोघांना आपापली सुचू शकते. तीच चूक सुचणं अवघड.

यावर कुणी म्हणेल, तीन सारखी पानं डोळ्यांत भरतात, कुणीही त्यांनाच मोठं मानेल. मान्य. मग एक्का-दुर्री-तिर्रीचं काय? पोकरमध्ये एक्क्यापासून चढणारी रांग सगळ्यांत हलकी. आपल्याकडे एक्का-राजा-राणीच्या खालोखाल मान एक्का-दुर्री-तिर्रीचा, आणि काही बैठकांत तर तीच सर्वांत मोठी. ब्रॅगमध्येही तीच सर्वांत मोठी. हे लाड कुणाला सहज सुचणारे नाहीत.

तिसरा धागा सर्वांत पक्का, कारण हूल त्याच्यावरच उभी आहे: ब्लाइंड. पत्ते न बघता खेळणारा दहा टाकतो तेव्हा बघून खेळणाऱ्याला वीस टाकावे लागतात. शिवाय कडक नियमानं खेळत असाल तर बघितलेल्याला ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही, म्हणजे पानं उघडायला लावता येत नाहीत. हातात राण्यांची जोडी असलेला माणूस तिथंच घामाघूम होतो. समोरच्याच्या पानांबद्दल खुद्द समोरच्यालाच ठाऊक नाही, त्याचा चेहरा वाचून मिळणार काय? दुप्पट भरत राहा नाहीतर पॅक व्हा. पोकरमध्येही ब्लाइंड आहे, पण ती वाटणीआधी टाकायची सक्तीची रक्कम. निम्म्या चालीचा आणि शोबंदीचा हा कायदा ब्रॅगचा आहे.

काळही माझ्या बाजूनं बोलतो. ब्रॅगवर हॉइल या इंग्रज खेळलेखकानं 1751 मध्येच पुस्तिका काढली होती. पोकरची खूण मिसिसिपीच्या बोटींवर 1829 च्या सुमारास दिसते आणि विलायतेतल्या बड्या घरांत तो रुळला 1870 नंतर, शेंक नावाच्या अमेरिकी राजदूतानं नियम लिहून दिले तेव्हा. वऱ्हाड इंग्रजांकडे आलं 1853 मध्ये. भुसावळ-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये. म्हणजे गोरे शिपाई, गार्ड, ड्रायव्हर आणि कापसाचे दलाल या रस्त्यानं येऊ लागले तेव्हा त्यांच्या खिशात ब्रॅग असणार, पोकर नव्हे. डाव आधी छावणीतून आला की रेल्वेच्या वसाहतीतून, याचा कागद नाही. माझं मत रेल्वेकडे झुकतं. बडनेरा जंक्शन. तिथून अमरावतीची शाखा फुटते, आणि हंगामात कापसाचा रोकडा पैसा तिथून वाहायचा.

महाभारतातल्या द्यूताशी नातं जोडणारेही भेटतात. पण फासे सगळ्यांसमोर पडतात; झाकलेला हातच नसेल तर हूल कशाची देणार? शकुनीचं कपट नियमाबाहेरचं होतं, ब्लफ नियमातच बसतो. सावंतवाडीची गंजिफा हात जिंकण्याचा खेळ आहे, तिथं बोली चढवून कुणाला पळवता येत नाही. पोर्तुगीजांच्या काळातला प्रिमेरो हा ब्रॅगचा पूर्वज म्हणतात, पण त्यात पत्ते चार.

एक गाठ मात्र सुटत नाही. ब्रॅगमध्ये तीन तिर्‍र्या सर्वांत मोठ्या. आपल्याकडे तीन एक्के. माझा तर्क असा, की तिर्‍र्यांचं हे कौतुक विलायतेत मागाहून वाढलं, आपली शाखा तोवर निघून आली होती.

साइड शो मात्र इथलाच असावा. शेजाऱ्यानं चाल दिली की त्याला हळूच म्हणायचं, आपली पानं आपण दोघंच बघू. तो कबूल झाला तर हलक्या पानांचा पॅक होतो आणि बाकीच्यांना पानं दिसतच नाहीत. यानं हूल देण्याची रीतच बदलली: ती आता आधी शेजाऱ्याला पचवावी लागते, मग सतरंजीला. म्हणून मुरलेला खेळाडू पत्ते घ्यायच्या आधी आपल्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसलंय ते बघून घेतो.