ॲडजस्टेबल सेफ्टी रेझर: डायल नेमकं काय करतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तो घ्यावा का?

ॲडजस्टेबल सेफ्टी रेझर म्हणजे असा रेझर, ज्याच्या हँडलवरची चकती फिरवून ब्लेड किती सौम्य किंवा किती तिखट चालेल हे ठरवता येतं. रेझर तोच, ब्लेडही तेच. बदलते फक्त ब्लेडची धार आणि तिच्या खालची संरक्षक पट्टी यांच्यामधली फट. तिला ब्लेड गॅप म्हणतात. जर्मनीतल्या झोलिंगेनचा मर्कुर, कॅनडाचा रॉकवेल असे यातले नावाजलेले ब्रँड काही हजार रुपयांना मिळतात. एवढ्या पैशात कामचलाऊ स्मार्टफोन येतो, त्यामुळे "येड लागलं का?" हा प्रश्न घरून येणारच. तो रास्तही आहे. माझं उत्तर दोन भागांत आहे, कारण या रेझरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत: ब्लेड आणि डायल. लोक पैसे डायलसाठी देतात, पण खरा फायदा ब्लेडचा असतो.

ब्लेड म्हणजे ओपन स्टँडर्ड

किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, दोन्हीकडे धार असलेल्या, वापरून फेकायच्या ब्लेडच्या रेझरसाठी १९०१ मध्ये अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेल्याचं सांगतात. आज आपण पाहतो तो मधल्या लांब खाचेचा आकार १९३० च्या सुमारास पक्का झाला आणि तेव्हापासून बदललेला नाही. पेटंट केव्हाच संपली. त्यामुळे हे ब्लेड कुणीही बनवू शकतं आणि ते कुठल्याही कंपनीच्या डबल-एज रेझरमध्ये बसतं. ठाण्यात बनलेलं सुपरमॅक्स असो, टोपाझ असो, सेव्हन ओ'क्लॉक असो, खाच एकच.

कार्ट्रिजचं उलट आहे. तीन-पाच पात्यांचं कार्ट्रिज ज्या कंपनीचं, हँडलही तिचंच लागतं. जुन्या फोनच्या चार्जरची पिन आठवा: प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि हरवली की तीच शोधत फिरा. डबल-एज ब्लेड हे दाढीचं यूएसबी-सी आहे, फक्त ते जवळपास शतकभर आधी आलं. १९६१ साली बनलेल्या जिलेट रेझरमध्ये आज एटापल्लीच्या बाजारातून आणलेलं ब्लेड बसतं. तुमच्या फोनबद्दल असं काही म्हणता येईल का, बघा.

आणि आपल्याकडे या गोष्टीला जास्त वजन आहे. चंद्रपूर शहरात मॉलमध्ये हवं ते कार्ट्रिज मिळेल. पण सिरोंचा, अहेरी, भामरागड या बाजूला गेलात की किराणा दुकानात, पानठेल्यावर दोरीला लटकलेली ब्लेडची पाकिटं दिसतात. तुमच्याच मॉडेलचं कार्ट्रिज असेल याची खात्री नाही. ऑनलाइन मागवावं तर काही पिनकोडवर कुरिअर तालुक्याच्याच गावी थांबतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा रस्ता बंद झाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच आपण. दहा ब्लेडचं पाकीट काडेपेटीपेक्षा लहान असतं आणि एकट्या माणसाला महिना-दोन महिने सहज पुरतं. जंगलातल्या चौकीवर किंवा कॅम्पवर ड्युटी असलेल्या, गणवेशामुळे रोज दाढी करावी लागणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

हिशोब करू. वर्षाला १८० वेळा दाढी धरा. ब्लेड ४ रुपयांचं आणि पाच दाढ्या चालतं असं मानलं तर वर्षाला ३६ ब्लेड, १४४ रुपये. कार्ट्रिज १५० रुपयांचं आणि दहा दाढ्या चालतं असं मानलं तर १८ कार्ट्रिज, २,७०० रुपये. वर्षाला अडीच हजारांचा फरक. म्हणजे साडेसहा हजारांचा रेझर अडीच वर्षांत वसूल होतो. पण थांबा. ४०० रुपयांचा साधा, डायल नसलेला सेफ्टी रेझर याच हिशोबाने दोन महिन्यांच्या आत वसूल होतो! पैसे वाचवणं एवढाच हेतू असेल तर लेख इथेच सोडा आणि तो साधा रेझर घ्या. मी गंमत करत नाहीये.

मग डायल कशासाठी?

डायल लागतो, कारण दाढी रोज सारखी नसते. रोज करणाऱ्याला छोटी फट पुरते. आठवडाभर वाढलेल्या दाढीवर तोच रेझर चोंदतो, केस आणि फेस अडकतात, तिथे मोठी फट हवी. गालावरची त्वचा सपाट, मानेवरची नाजूक आणि तिथले केस वाटेल त्या दिशेने वाढलेले. मी गालाला ३ आणि मानेला दीड ठेवतो.

आकडा वाढवला की दाढी जास्त गुळगुळीत होते, असा एक गैरसमज पक्का बसलेला आहे. डायल म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नाही. फट वाढली की ब्लेडचा जास्त भाग उघडा पडतो, धारेखालचा आधार कमी होतो आणि हाताची चूक माफ होत नाही. गुळगुळीतपणा येतो तो केस नीट भिजल्याने, साधारण ३० अंशांच्या कोनाने आणि दाब न देण्याने. रेझरचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. म्हणून तर हे रेझर जड बनवतात.

फरक किती बारीक असतो पाहा. रॉकवेलच्या ६एस या मॉडेलला डायल नाही. पलटता येणाऱ्या तीन पट्ट्यांवर सहा गॅप दिलेले आहेत. सगळ्यांत छोटा ०.२० मिलिमीटर, सगळ्यांत मोठा ०.७९. म्हणजे सौम्य आणि तिखट यांच्यातलं सगळं अंतर ०.६ मिलिमीटरच्या आत बसतं. ब्लेडची स्वतःची जाडी ०.१ मिलिमीटर असते. एवढ्याशा जागेत सुटा भाग सरकवायचा आणि तो दोन्ही बाजूंना सारखा सरकला पाहिजे, ही किंमत वाढण्यामागची खरी इंजिनिअरिंग आहे. स्वस्त ॲडजस्टेबल रेझरमध्ये एका बाजूची फट दुसरीपेक्षा मोठी निघते ती इथेच. रेझर हातात आला की ब्लेड लावून समोरून बघा: दोन्हीकडे धार सारखीच डोकावली पाहिजे.

जुन्यांमध्ये जिलेटचा 'फॅटबॉय' प्रसिद्ध आहे. १९५८ ते १९६१ या काळातला, पितळेवर निकेलचा मुलामा, नऊ सेटिंग. त्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक अंक कोरलेला असतो. अक्षर वर्ष सांगतं, अंक तिमाही. त्याचा आकडा बदलण्याआधी तळाची घुंडी थोडी सैल करायची असते, नाहीतर आतले भाग घासतात. मर्कुर प्रोग्रेसमध्ये झाकणावर एक खूण असते, ती खालच्या खुणेसमोर आणूनच बसवायची. उलटं बसलं तर डायलवरचा आकडा खोटा बोलतो. मर्कुर फ्युचरचं झाकण दाबून बसवायचं असतं. ओल्या, साबणाच्या हाताने ते काढायला जाऊ नका, बोट कापून घ्याल.

पाणी: ज्याबद्दल कुणी सांगत नाही

परदेशी व्हिडिओत दाखवतात तसा दाट फेस राजुरा, कोरपना, जिवतीकडे अनेकांना जमत नाही. दोष ब्रशचा नसतो. हा चुनखडीचा पट्टा आहे, म्हणून तर गडचांदूर, आवारपूरला सिमेंटचे कारखाने उभे आहेत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम जास्त, आणि कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो. फेस बसतो आणि तोच साका रेझरच्या फिरत्या भागांत जाऊन अडकतो. माझा तोच रेझर आणि तोच साबण पुण्यात नळाच्या पाण्यावर मस्त फेसाळतो, गडचांदूरला बोअरच्या पाण्यावर दोन मिनिटांत विरून जातो.

उपाय सोपा आहे. फेसासाठी जेमतेम अर्धा कप पाणी लागतं. तेवढं गावातल्या आरओचं घ्या. नसेल तर पाणी उकळून, गार करून, वरचं निथळ घ्या. उकळल्याने कठीणपणाचा एक भाग तळाशी बसतो, सगळा नाही. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी सगळ्यांत छान. रेझर धुवायला बोअरचं चालेल, पण शेवटचा हात आरओचा मारा आणि कोरडा करून ठेवा.

डायलवाल्या रेझरला हे जास्त जपावं लागतं, कारण साध्या रेझरचे तीन तुकडे सुटे होतात, याचे होत नाहीत. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. अनेक रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेले असतात. मुलामा कुठे उडाला असेल तर आम्ल आतला धातू खातं. पूर्ण स्टेनलेस स्टीलचा रेझर असेल तर ही काळजी बरीच कमी.

चांगलं पाणी आणि भिजलेले केस ब्लेडच्याही कामी येतात. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी ब्लेड बोथट होतं कसं? २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं: केस कापताना वाकतो, आणि धारेतलं पोलाद सगळीकडे एकसारखं नसल्याने कमजोर जागी तिचा सूक्ष्म टवका उडतो. म्हणजे धार झिजण्यापेक्षा तुटते जास्त. दोन-तीन मिनिटं नीट भिजवा. एप्रिल-मे मध्ये तर अंघोळीनंतर लगेच करा आणि डायल एक घर खाली ठेवा; ४५ अंशांच्या उन्हात घाम ताज्या ओरखड्यांवर झोंबतो. केस कुरळे असतील, मानेवर पुटकुळ्या येत असतील, तर केसांच्या दिशेनेच एक हात फिरवा आणि थांबा. अगदी तळापासून कापलेला कुरळा केस वळून त्वचेत शिरतो.

रेझर एकाचाच

होस्टेलमध्ये किंवा घरी भावाभावांत महागडा रेझर फिरतो. "ब्लेड बदललं ना, मग झालं" असं म्हणतात. रक्ताचा अंश रेझरच्या डोक्यावरही राहतो, आणि हेपॅटायटिस बी व सी रक्तातून पसरतात. द्यायचाच असेल तर ४०० वाला साधा घेऊन द्या. सलूनमध्ये उस्तऱ्यात हेच डबल-एज ब्लेड अर्धं मोडून लावतात. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगायला लाजू नका, चांगले कारागीर न सांगताच तसं करतात.

वापरलेलं ब्लेड उकिरड्यावर टाकू नका. गावाकडे उकिरड्यावर गुरं चरतात, शहरात कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा आणि ब्लेड त्यातून आत सोडत राहा. एक डबा काही वर्षं भरत नाही. भरला की चीर टेपने बंद करा, वर मार्करने "ब्लेड" लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या. नागपूरहून विमानाने जाणार असाल तर ब्लेड केबिन बॅगेत चालत नाहीत. रेझरमधलंही काढा आणि सगळं चेक-इन बॅगेत टाका. उतराल तिथे ब्लेड मिळतीलच.