कला कोठे शिकावी? : कोल्हापूरच्या इतिहासातील एक प्रश्न

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा इतिहास बहुधा तिच्याच अनुषंगाने सांगितला जातो. मध्यम आकाराच्या शहरातील होतकरू चित्रकारापुढे मात्र कला कोठे शिकावी हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राही. कोल्हापूरपुरते पाहता, शिक्षणाचे स्थान निवडणे म्हणजे पर्यायाने उपजीविकेचा मार्ग निवडणे होते, असे दिसून येते.

पहिला मार्ग मुंबईचा. आबालाल रहिमान यांनी जे. जे. मध्ये शिक्षण घेतले व ते कोल्हापुरास परतले. कोटितीर्थ व रंकाळा यांच्या परिसराची त्यांची निसर्गचित्रे विख्यात आहेत. परंतु त्यांच्या कलेला आधार लाभला तो शाहू छत्रपतींच्या गुणग्राहकतेचा. १९२२ मध्ये महाराज निवर्तले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात विसर्जित केली, अशी आख्यायिका आहे. ती प्रमाण मानता येत नसली, तरी कलावंत आणि आश्रयदाता यांचा संबंध लोकांना कसा जाणवत होता, याची ती साक्ष देते. १९३१ मध्ये आबालाल कालवश झाले.

दुसरा मार्ग कारखान्याचा. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. १९१६ मध्ये आनंदरावांच्या निधनानंतर चित्रपटाचे कार्य त्यांनी पुढे नेले आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. या कंपनीत पडदे, नेपथ्य, वेषभूषा व भित्तिपत्रके सिद्ध होत असता तरुणांचे शिक्षणही होत असे. दामले, फत्तेलाल व शांताराम याच परिसरात तयार झाले. येथे शिक्षण आणि उदरनिर्वाह एकत्र नांदत होते. उणीव होती ती प्रमाणपत्राची. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली, तेव्हा अशा शिक्षणाचा एक मोठा आधारच शहरातून हलला.

तिसरा मार्ग दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या स्थानिक संस्थांचा. शाळेतील चित्रकला-शिक्षकाच्या नोकरीस सरकारी परीक्षा आवश्यक असे. घर न सोडता त्या परीक्षेची तयारी करणे ज्यांना मुंबईचा खर्च झेपत नव्हता त्यांना अशा संस्थांमुळे शक्य झाले. राजाश्रय व चित्रपट हे दोन्ही आधार क्षीण होत असता या मार्गाचे महत्त्व वाढणे स्वाभाविक होते.

यातून संशोधकाने एक सावधगिरी घ्यावयास हवी. परीक्षांच्या नोंदी पहिल्या व तिसऱ्या मार्गाने गेलेल्यांनाच दाखवितात. केवळ त्यांवर विसंबून राहिल्यास बाबूराव पेंटर ‘अशिक्षित’ ठरतील आणि त्यांच्या हाताखाली घडलेली पिढी इतिहासातून लुप्त होईल. कोल्हापूरच्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहावयाचा तर हजेरीपटाइतकेच महत्त्व रंगविलेल्या पडद्यालाही दिले पाहिजे.