मळणीयंत्राचा शाफ्ट वारंवार का तुटतो?

लातूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेलगतचा देवणी तालुका देवणी गोवंशासाठी ओळखला जातो. या जातीच्या बैलांची पात धरून एकेकाळी खळ्यावर मळणी होत असे. आता सोयाबीन आणि हरभऱ्याची रास मुख्यत्वे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्राने केली जाते. ट्रॅक्टरची शक्ती यंत्रापर्यंत पोहोचवणारा दुवा म्हणजे पीटीओ शाफ्ट. ऐन राशीच्या वेळी तो तुटला, तर कापून ठेवलेले सोयाबीन परतीच्या पावसात सापडण्याची भीती असते.

अशा वेळी घाईने नवा क्रॉस बसवून काम पुढे रेटले जाते. मात्र काही दिवसांतच तो पुन्हा निकामी झाला, तर दोष क्रॉसमध्ये नसून ट्रॅक्टर व यंत्राच्या मांडणीत आहे, असे समजावे. लहान नौकेत इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत नसल्यास कपलिंग खिळखिळी होते. त्यातलाच हा प्रकार आहे.

कोन आणि गती

पीटीओची प्रचलित गती मिनिटाला 540 फेरे आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस जोड असतात. जोड वाकलेला असला की पुढच्या दांड्याची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन 15 अंशांचा असल्यास 540 ची गती सुमारे 522 ते 559 या दरम्यान हेलकावते. 30 अंशांवर हाच फरक 468 ते 624 इतका होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि शाफ्टवरील दोन्ही आतले योक एकाच पातळीत असतील, तर एका जोडाची चढउतार दुसरा जोड भरून काढतो. तसे नसल्यास कंप निर्माण होऊन बेअरिंगे झिजतात.

दोष कसा ओळखावा?

तपासणीपूर्वी पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी आणि सर्व भाग पूर्ण थांबू द्यावेत.

प्रथम शाफ्ट हाताने हलवून पाहावा. जोडात खटखट जाणवल्यास क्रॉसची बेअरिंगे झिजली आहेत. कपाभोवती तांबूस भुकटी दिसल्यास ग्रीस पोहोचलेले नाही, असे समजावे.

क्रॉस ठीक असूनही थरथर होत असेल, तर योक पाहावेत. ग्रीस लावण्यासाठी शाफ्ट वेगळा केल्यावर तो चुकीच्या घरात बसवला जाणे, ही सर्रास होणारी चूक आहे.

त्यानंतर लांबी तपासावी. काम करताना दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश शिरलेल्या असाव्यात. मात्र शाफ्ट पूर्ण दबून टोकाला टेकत असेल, तर तो धक्का थेट ट्रॅक्टरच्या आणि यंत्राच्या बेअरिंगांवर बसतो.

मळणीयंत्र सपाट जागी, ट्रॅक्टरच्या सरळ रेषेत उभे करून चाकांना उटी लावावी. रोटाव्हेटर वापरताना बांधाशी वळण्यासाठी तो उचलण्यापूर्वी पीटीओ बंद करावा. उचलताना कोन झपाट्याने वाढतो.

शिअर बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याजागी कठीण पोलादी बोल्ट घालू नये. जास्त भार आल्यास हा बोल्ट तुटावा, अशीच रचना असते. तो तुटला नाही, तर गिअरबॉक्स फुटू शकतो.

आवरण काढू नये

ग्रीस देण्यास अडचण होते म्हणून शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण अनेकदा काढून ठेवले जाते. 540 च्या गतीने शाफ्ट सेकंदाला 9 फेरे घेतो. 7 सेंटीमीटर व्यासाच्या जोडाभोवती सेकंदात सुमारे 2 मीटर कापड गुंडाळले जाते. हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. मळणीयंत्रांवरील अशा दुर्घटनांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात जखमींना नुकसानभरपाईची तरतूद आहे.

मळणीच्या वेळी धोतर, उपरणे, साडीचा पदर, ओढणी यांपैकी काहीही सैल ठेवू नये. चालू शाफ्ट ओलांडू नये आणि मुलांना खळ्यापासून दूर ठेवावे. क्रॉस बाजारात नवा मिळतो, हात मिळत नाही.