गुडघा, माउस आणि सरासरी

मराठी विभागात पीएचडीच्या कोर्सवर्कसाठी संशोधनपद्धती शिकवायची वेळ आली की आपल्यापैकी बहुतेकांची एका ठिकाणी अडचण होते. गृहीतक, संदर्भसाधने, तळटीपा, पाठचिकित्सा इथपर्यंत गाडी नीट चालते. पुढे 'संख्याशास्त्रीय तंत्रे' असे एक प्रकरण येते आणि तिथे आपण मध्यमान, मध्यगा, बहुलक यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून मोकळे होतो. मीही अनेक वर्षे हेच केले. काही वर्षांपूर्वी मात्र एका विद्यार्थिनीने संगणकावरील मराठी लेखन हा विषय घेतला. कोणता कळफलक मराठीला अधिक सोयीचा, हा तिचा प्रश्न होता. तिला दोन शब्द सांगण्यापुरते तरी आपल्याला कळावे म्हणून मी माणूस आणि संगणक यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेचा इतिहास वाचू लागलो. व्याख्या फळ्यावर लिहून जे कधी समजले नव्हते ते या इतिहासाने समजावले, म्हणून हा लेख.

या शाखेचे एक मूळ विमानात आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या हातून होणाऱ्या चुकांनी अमेरिकी हवाई दल हैराण झाले होते. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली एक अहवाल सादर केला. वैमानिकांना त्यांनी विचारले होते : तुमच्या हातून किंवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातून झालेली एखादी चूक सविस्तर सांगा. अशा ४६० चुकांची कथने त्यांनी वाचली आणि त्यांचे वर्ग पाडले. सर्वांत मोठा वर्ग निघाला तो एका दांड्याऐवजी भलताच दांडा ओढण्याचा. शेजारी शेजारी, सारख्याच आकाराचे दांडे; हात सवयीने जायचा तिथे गेला. ज्याला सगळे 'वैमानिकाची चूक' म्हणत होते ती पुष्कळदा दांडे मांडणाऱ्याची चूक होती.

साहित्याच्या माणसाला हा अहवाल परका वाटू नये. त्यातील सामग्री म्हणजे कथने, आणि पद्धत म्हणजे काळजीपूर्वक वाचन. मोजणी नंतर येते. आधी 'कशाला एक धरायचे' हे ठरवावे लागते. सामग्रीची मर्यादाही आपल्याला चटकन दिसते. ज्या चुकीला सांगणारा किंवा पाहणारा कोणीच उरला नाही, ती त्या ४६० मध्ये नाही. नमुना म्हणजे काय आणि तो कसा कलतो हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण अजून मिळालेले नाही.

याच फिट्सने १९५४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. धातूच्या दोन पट्ट्या, हातात एक लेखणीसारखी सळई, आणि या पट्टीवरून त्या पट्टीवर होईल तितक्या वेगाने टकटक करायचे. पट्ट्यांतील अंतर वाढवले की वेळ वाढतो, पट्टी अरुंद केली की वेळ वाढतो. पण अंतर दुप्पट करून पट्टीही दुप्पट रुंद केली तर वेळ जवळपास तेवढाच राहतो. हाताच्या हालचालीला एक सूत्र मिळाले. संगणकाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो संबंध जुळायला चोवीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात माउस आला. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम इंग्लिश, डग्लस एंगलबार्ट आणि मेल्विन बर्मन यांनी पडद्यावरील शब्द निवडण्याच्या साधनांची तुलना करून १९६७ साली निबंध प्रसिद्ध केला. माउस होता, प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती आणि टेबलाखाली बसवलेले, गुडघ्याने चालवायचे एक साधनही होते. सरावलेल्या माणसांत माउस सरस ठरला. नवख्यांत मात्र गुडघा आणि प्रकाशलेखणी माउसच्या पुढे गेली! नवख्यांची संख्या अगदीच थोडी होती, त्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही. तरीही वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात आणि मग कोणीतरी विचारतेच, 'सर, मग खरं चांगलं कोणतं?' या 'खरं'चीच तर सारी पंचाईत आहे. चांगले कोणासाठी, आणि किती सरावानंतर, हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

इंग्लिश पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेले आणि १९७८ साली स्टुअर्ट कार्ड व बेटी बर यांच्यासह त्यांनी तुलना पुन्हा केली. माणसे या वेळीही मोजकीच होती, पण प्रत्येकाकडून एकेका साधनावर सराव करून घेतला तो सुधारणा थांबेपर्यंत. माउस सर्वांत जलद ठरला, चुकाही त्याच्याच सर्वांत कमी. पण या निबंधाचे मोल त्या निकालात नाही. माउसने लागणारा वेळ फिट्सच्या सूत्रात बसला आणि नुसत्या हाताने बोट दाखवायला लागणाऱ्या वेळेच्या जवळ जाणारा निघाला. म्हणजे आता अडसर साधनाचा राहिला नव्हता, हाताचा होता. पहिल्या निबंधाने कोण जिंकले ते सांगितले, दुसऱ्याने का ते सांगितले. संशोधन आणि शर्यत यांत हा फरक आहे.

इथे क्रमाचा मुद्दा येतो. एकाच माणसाला चार साधने वापरायला दिली तर पहिले साधन अनोळखीपणाची किंमत मोजते आणि शेवटचे कंटाळ्याची. यावरचा उपाय संगणकवाल्यांनी शेतकीतून उचलला आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांच्यापुढे प्रश्न होता की, एका वाणाचे पीक जास्त आले ते वाणामुळे की त्या कोपऱ्यातील कसदार मातीमुळे? त्यांनी शेताचे चौकोनी वाफे पाडून लॅटिन चौकोनाचा वापर रूढ केला : अ, ब, क, ड ही अक्षरे अशी मांडायची की प्रत्येक अक्षर प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभात एकदाच यावे. ओळीच्या जागी माणूस आणि स्तंभाच्या जागी क्रम घातला की तोच चौकोन प्रयोगशाळेत चालतो. माणसाच्या लक्षालाही कसदार आणि नापीक कोपरे असतात म्हणायचे. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची युक्तीसुद्धा अशीच बाहेरून आलेली आहे. गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ती १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. टोपणनाव घेणे ही काही केवळ आपल्या कवींची मिरास नव्हे. असो.

चाचणी चुकीच्या पद्धतीने घेतली तर काय होते, याची कथा कळफलकाचीच आहे. ऑगस्ट ड्वोराक यांनी १९३६ साली नव्या इंग्रजी कळफलकाचे पेटंट घेतले. १९४४ साली अमेरिकी नौदलाने चाचणी घेतली : १४ टंकलेखकांना नवा कळफलक शिकवला, १८ जणांना जुन्यावरच अधिक सराव दिला. नव्याची प्रगती डोळे दिपवणारी निघाली. ड्वोराक स्वतः तेव्हा नौदलात अधिकारी होते, ही गोष्ट बाजूला ठेवू. १९९० साली लीबोवित्झ आणि मार्गोलिस या अर्थशास्त्रज्ञांनी तो अहवाल बारकाईने वाचला तेव्हा दिसले की, दोन्ही गटांची सुरुवातीची आणि शेवटची गती वेगवेगळ्या रीतीने काढली होती. एका गटासाठी एकेकच चाचणी धरली, दुसऱ्यासाठी अनेक चाचण्यांची सरासरी. पहिल्याच चाचणीत माणूस अडखळतो, त्यामुळे तिथून मोजलेली प्रगती आपोआप मोठी दिसते. १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी अमेरिकी सरकारसाठी केलेल्या तुलनेत नवा कळफलक मागे पडला. पण स्ट्राँग आधीपासूनच त्याच्या विरोधात होते असा आक्षेप त्यांच्यावरही घेतला गेला. या वादाचा निकाल मी वर्गात देत नाही. दोन्ही बाजूंनी आकडे होते, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

हे सारे वाचून मला हुरूप आला आणि वर्गात एक छोटा प्रयोग करायचे ठरवले. एक मराठी उतारा, दोन कळफलक : रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा आणि सरकारमान्य इनस्क्रिप्ट, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. वेळ आणि चुका मोजायच्या. सर्वांनी आधी रोमन आणि मग इनस्क्रिप्ट वापरला. फिशर आणि लॅटिन चौकोन आदल्याच आठवड्यात फळ्यावर काढून दाखवणाऱ्या शिक्षकाने सर्वांना एकच क्रम दिला होता, आणि उताराही दोन्ही वेळा तोच! चूक माझ्या लक्षात आली ती सरासरी काढून झाल्यावर. रोमन पद्धत अर्थातच जिंकली होती. मुले शाळेपासून मोबाइलवर तेच करत आलेली आहेत. आम्ही कळफलक मोजलाच नव्हता, मुलांच्या आयुष्यातील सवय मोजली होती.

एका मुलीचा कागद वेगळा होता. कॉलेज सांभाळून ती छपाईच्या दुकानात अक्षरजुळणी करत असे. मराठी टंकलेखन तिने जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर शिकले होते. इनस्क्रिप्टवर तिच्या चुका वर्गात सर्वांत जास्त भरल्या. तपशिलात पाहिले तर त्यांतील बहुतेक एकाच जातीच्या होत्या. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवतात आणि व्यंजन नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर, कारण आपण तसे उच्चारतो. तिचा हात आधी वेलांटीकडे जाई आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली एक वेलांटी उमटे. वर्गात रोज मराठी टंकणारी ती एकटीच, आणि आमच्या कोष्टकात तीच सर्वांत कच्ची ठरली होती. सरासरीत तर ती दिसतही नव्हती. फिट्स आणि जोन्स यांचे वैमानिक मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले.

दुसरी अडचण भाषेची होती. टंकलेखनाचा वेग 'मिनिटाला शब्द' असा सांगतात आणि इंग्रजीत त्यासाठी पाच अक्षरांचा एक शब्द धरण्याचा संकेत आहे. मराठीत पाच काय? 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या दृष्टीने ती सहा चिन्हे आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे 'स्त्री' लिहिणाऱ्याने एका शब्दाहून अधिक लिहिले आणि 'मन' लिहिणाऱ्याने अर्धाही नाही. 'स्त्री'मधील वेलांटी ऱ्हस्व पडली तर चूक एक अक्षराची की सहांतील एका चिन्हाची? हा प्रश्न संख्याशास्त्र सोडवत नाही. ते उत्तर हाती आल्यावर कामाला लागते. अक्षर म्हणजे काय याचा विचार आपल्या व्याकरणकारांनी पुष्कळ केला आहे, आणि इथे तो ऐनवेळी उपयोगी पडतो. मुंबईच्या आयआयटीत 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक तयार झाला, त्याच्या आखणीत व्यंजनाभोवती स्वरांचे चक्र आहे. बाराखडी ज्याने गिरवली आहे त्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

राहता राहिला 'किती माणसे पुरेत' हा प्रश्न, जो प्रत्येक संशोधक विद्यार्थी पहिल्या भेटीत विचारतो. या ज्ञानशाखेत 'पाच' हे उत्तर फार लोकप्रिय आहे. नील्सन आणि लँडावर यांच्या १९९३ च्या निबंधातून ते पुढे आले. एका माणसाला सरासरीने ३१ टक्के अडचणी लागतात असे धरले, तर त्याच्या हातून ६९ टक्के निसटतात, ०.६९ ला पाच वेळा गुणले की सुमारे १६ टक्के उरतात. पाच माणसांत ८४ टक्के अडचणी सापडल्या! हिशोब बिनचूक आहे. २००३ साली लॉरा फॉकनर यांनी ६० जणांची चाचणी घेऊन त्यांतून पाच-पाचांचे गट यदृच्छेने निवडून पाहिले. सरासरी जवळपास तीच आली, ८५ टक्क्यांच्या आसपास. पण एखाद्या गटाला जवळजवळ सगळ्या अडचणी सापडल्या आणि एखाद्याला केवळ ५५ टक्के. आपल्या वाट्याला यांतील कोणता गट आला आहे हे पाचांना घेऊन बसलेल्या संशोधकाला कळण्याचा मार्ग नाही. प्रमाण विचलन ही कल्पना मी आता सूत्रापासून सुरू करत नाही, या दोन गटांपासून करतो.

त्या विद्यार्थिनीने आपला आराखडा बदलला. 'कोणता कळफलक सोयीचा' हे शीर्षक गेले. आता तीन वेगळे गट आहेत : रोमनमधून लिहिणारे, टाइपरायटरवर शिकलेले आणि ज्यांनी संगणकावर मराठी कधी लिहिलेच नाही असे. प्रत्येकाला अनेक दिवस, क्रम बदलून, वेगवेगळे उतारे. चुकांची नुसती संख्या नव्हे, जातही नोंदवायची. तिसऱ्या गटासाठी माणसे मिळता मिळत नाहीत ही तिची सध्याची तक्रार आहे. अक्षरजुळणी करणाऱ्या त्या मुलीला आम्ही उतारा पुन्हा टंकायला बोलावले, तेव्हा तिने आधी विचारले, 'सर, या वेळी वेलांटी कुठली धरणार?'