किलिफीतील आक्रमक साल्मोनेला संसर्ग : एका साथरोगशास्त्रीय शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
आफ्रिकेच्या ग्रामीण भागात मुलाला आलेला तीव्र ताप म्हणजे हिवताप, हे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. रक्तात परजीवी आढळले की निदान पूर्ण झाले, असे मानले जाई. या समजुतीआड दडलेला साल्मोनेला जिवाणू केनियातील किलिफी येथे कसा उजेडात आला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रोगाचे स्वरूप :
विषमज्वराच्या जिवाणूव्यतिरिक्त साल्मोनेलाचे इतर अनेक प्रकार आहेत. निरोगी व्यक्तीत त्यांचा उपद्रव बहुधा जुलाबापुरता मर्यादित राहतो. हिवताप, रक्तक्षय, कुपोषण अथवा एचआयव्हीने दुर्बल झालेल्या बालकांत मात्र ते आतड्यातून रक्तात शिरतात. पुष्कळदा जुलाब नसतातच, केवळ ताप असतो. त्यामुळे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याशिवाय, म्हणजेच रक्तसंवर्धनाशिवाय, या रोगाचे निश्चित निदान होत नाही.

किलिफीतील अभ्यास :
मोंबासाच्या उत्तरेस हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर वसलेल्या किलिफी येथे १९८९ साली संशोधन केंद्र सुरू झाले. ऑगस्ट १९९८ पासून तेथील जिल्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकांचे रक्तसंवर्धन नित्यनेमाने होऊ लागले. पहिल्या चार वर्षांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार रुग्णालयात दगावलेल्या बालकांपैकी २६ टक्क्यांच्या रक्तात जिवाणू होते आणि प्रमुख जिवाणूंत साल्मोनेलाचा समावेश होता.

हिवतापाशी संबंध :
सिकलसेलचे वाहक असलेल्या बालकांना हिवतापापासून संरक्षण मिळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बालकांना रक्तातील जिवाणूसंसर्गही कमी होत असल्याचे आढळले. १९९९ ते २००७ या काळात किलिफीत हिवतापाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजार बालकांमागे वर्षाला २८.५ वरून ३.४५ वर आले, तसा वाहकांना मिळणारा हा लाभही ओसरत गेला. म्हणजेच संरक्षण जिवाणूंपासून नव्हते. हिवताप टळल्याने जिवाणूसंसर्ग टळत होता. याच काळात साल्मोनेलाचा संसर्गही घटला.

निष्कर्ष :
हिवताप आणि साल्मोनेला हे परस्परांचे पर्यायी निदान नसून अनेकदा एकाच बालकातील सहप्रवासी आहेत. परजीवी सापडताच तपास थांबविल्यास प्रतिजैविकाची गरज असलेले मूल उपचारांविना राहते. तसेच मच्छरदाणी व हिवतापाचे औषध यांचा लाभ केवळ हिवतापाच्या आकड्यांवरून मोजणे अपुरे ठरते. जेथे रक्तसंवर्धनाची सोय नाही, तेथे हा रोग नोंदवहीत दिसत नाही. मृत्यू मात्र होतच राहतात.