लॅम्बेथच्या बायकांचा हिशेब

घरखर्चाची वही आपल्यातल्या पुष्कळ जणी ठेवतात. आज मी लंडनमधल्या अशाच वह्यांची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहे.

तेव्हा इंग्लंड जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक होता. आपल्यावरही त्यांचंच राज्य होतं. पण त्यांच्या पार्लमेंटसमोर, थेम्स नदीपलीकडे, लॅम्बेथ भागात असे कष्टकरी राहत होते, ज्यांची मजुरी आठवड्याला एक पौंडाच्या, म्हणजे २० शिलिंगांच्या आसपास होती. त्यांची तान्ही मुलं दगावत. मोठ्या घरचे लोक म्हणत, "या बायकांना संसारच करता येत नाही."

हे खरं का, ते पाहायला फेबियन महिला गटातल्या मॉड पेंबर रीव्ह्ज आणि त्यांच्या सोबतिणी १९०९ पासून दर आठवड्याला या घरांत जाऊ लागल्या. बाळ वर्षाचं होईपर्यंत आईच्या आणि बाळाच्या पोषणासाठी त्या आठवड्याला ५ शिलिंग देत, आणि बायकांना पै-पैचा हिशेब ठेवायला सांगत.

त्या हिशेबांत काय निघालं? आधी भाडं. त्यातच कित्येकदा मजुरीचा तिसरा हिस्सा जाई. मग कोळसा. मग मुलांच्या अंत्यविधीचा विमा! मूल गेलं तर दफनाला आठवड्याच्या मजुरीहून जास्त खर्च येई, म्हणून आई मुलाच्या जेवणातून दर आठवड्याला पेनी बाजूला काढी. उरलेल्या पैशांत जेवण. मांसाचा तुकडा कामावर जाणाऱ्या नवऱ्याला, आई आणि मुलं बहुतेक पावावर.

शहाणे सल्ला देत, "स्वस्त आणि पौष्टिक ओटची लापशी करा." पण त्यावर घालायला दूध नव्हतं, भांडं एकच आणि तेही करपलेलं, आणि जास्त वेळ चूल पेटवायला कोळसा नव्हता.

१९१३ साली मॉडबाईंनी हे सगळं पुस्तकात मांडलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : या बायका अडाणी नाहीत, त्यांच्या हातात पैसा नाही. मुलांच्या पोषणाचा भार सरकारने उचलावा.

त्याला बरीच वर्षं लागली. १९४५ साली इंग्लंडमध्ये कुटुंब भत्त्याचा कायदा झाला. दुसऱ्या मुलापासून प्रत्येकी आठवड्याला ५ शिलिंग. मसुद्यात हे पैसे बापाच्या नावे होते. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी भांडून ते आईच्या हाती आणले.

तेव्हा मैत्रिणींनो, "हिला घर चालवता येत नाही" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, तिच्या हातात येतात किती?